यात नाही

कुडण्याला कदंब मला साडेसातला सोडते.
पुढे तळ्याकाठची वाट, चिऱ्याच्या तीन पायऱ्या,
आणि आतल्या खोलीत सुलक्षा.
वय सव्वीस.
मान उशीच्या आधारानं, हात आपापल्या मर्जीचे,
डोळे मात्र तिचे.

"तिला सगळं कळतं हो," माई म्हणते,
"आणि मला तिचं."
सव्वीस वर्षं माई तिच्या वतीनं बोलत आलीय:
तिला भूक लागलीय, तिला गार वाटतंय,
तिला तुम्ही आवडलात.

मी पिशवीतून फळी काढते.
साखळीच्या काचवाल्यानं कापून दिलेलं
आरपार दिसणारं प्लास्टिक, मधोमध भोक,
चार कोपऱ्यांत चार चित्रं.
ती तिकडून बघते, मी इकडून.
नजर जिथे टेकेल तो शब्द.
संस्थेच्या संचात सफरचंद होतं.
ते काढून मी बांगडा लावला,
दुधाच्या पेल्याजागी पेज.
मग पंखा. मग कूस बदल.

पहिल्या महिन्यात पेज नऊ वेळा, पंखा सोळा,
बांगडा एकदाच, तोही ऐन चवथीला.
माईनं कपाळावर हात मारला, पण हसत.

मग ती चुकू लागली.
दमट हवेत डिंक टिकत नाही,
चौथ्या कोपऱ्यातलं चित्र गळून पडलेलं,
आणि ती बघायची नेमकी तिथेच.
पलीकडे फक्त माझा खांदा.
वहीत मी लिहीत गेले:
चूक. चूक. लक्ष नाही. चूक.
तीन आठवडे. लाल पेनानं.

एका बुधवारी वीज गेली.
पंखा? मी विचारलं.
नजर रिकाम्या कोपऱ्यात. मग माझ्याकडे.
पुन्हा कोपऱ्यात.
जशी एखादी बाई दुकानातलं सगळं पाहून झाल्यावर
रिकाम्या कप्प्याकडे बोट दाखवते,
आणि दुकानदार म्हणतो, तिथं काही नाही हो,
आणि ती म्हणते, तेच तर.

पांढरा कागद चौकोनी कापला.
त्यावर काहीच काढलं नाही.
तिथे चिकटवला आणि म्हटलं,
"याचा अर्थ: मला हवंय ते यात नाही."
सुलक्षा एवढी हसली
की उशी खाली पडली.

त्या रात्री वहीतल्या सगळ्या चुका
मी माझ्या नावावर चढवल्या.

मग शोध. हो म्हणजे डोळे वर.
वस्तू? घरात? बाहेर?
वर.
रात्री? सकाळी?
वर.
आवाज येतो त्याचा?
जरा थांबून, वर.
माईच ओरडली, "पोदेर!"
रोज सहाला त्याचा भोंगा भिंतीमागून जातो
आणि खाट जन्मापासून भिंतीकडे तोंड करून.

दामू, शेजारचे दोघे आणि मी.
खाट खिडकीकडे वळवली.
खाटेखाली एक जुना खुळखुळा सापडला,
माईनं पदरानं पुसला आणि कुठेसा ठेवला.

मी मुक्कामाला राहिले.
पहाटे इनास आला सायकलवरून,
टोपलीवर निळं प्लास्टिक.
खिडकीपाशी थांबून मुद्दाम दोनदा भोंगा वाजवला,
गरम उंडा वर धरून दाखवला.
सुलक्षानं त्याला नीट पाहिलं.
उंडा पाहिला. सायकल पाहिली.
मी फळी धरली, हात थोडा कापत होता.

डोळे सावकाश गेले
पांढऱ्या कागदावर.

"म्हणजे? हांव न्हय?" इनास म्हणाला
आणि सुटे पैसे मोजत राहिला.
मी माईकडे बघितलं, सवयीनं.
माईनं तोंड उघडलं, मिटलं.
फळी माझ्या हातातून घेतली,
उलटी धरली, सुलटी केली,
भोकातून पहिल्यांदाच लेकीकडे बघितलं.

"मग किदें गो, बाय?"

आणि बोलली नाही पुढे काही.
उंडे निवत होते.